निंबाखालची बाटली

अकोला,
२९ एप्रिल २०२३

ती. गोवर्धनदादास,
शि. सा. न. वि. वि.

पोस्टातल्या माणसाची बहीण असून वर्षाला दोनच पत्रं धाडते, हा तुझा टोमणा प्राजक्तावहिनीने फोनवर पोचता केला. घे, हे तिसरं. आईला फोनवर काही ऐकू येत नाही आणि तुझ्या तोंडून पत्र ऐकल्याशिवाय तिला लेक खुशाल असल्याचं पटत नाही, म्हणून लिहिते. तुला भिऊन नाही. इकडे ऊन असं आहे की हे दालमिलमधून आले की आधी माठाजवळ बसतात, मग घरच्यांकडे बघतात. बाकी सगळं ठीक.

यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस. आकांक्षाच्या गळ्यावर बरोबर मधोमध लिंबोळीएवढी गाठ होती ना, जी आपण सगळ्यांनी मोठी झाली की जिरेल म्हणून सोडून दिली, ती आता सुपारीएवढी झाली आहे. घोट गिळला की वर सरकते, जीभ बाहेर काढली की वर सरकते. शाळेतल्या पोरी तिला मुद्दाम पाणी प्यायला लावतात आणि गंमत बघतात. सात वर्षांची पोर, आता शाळेत पाणीच पीत नाही. भरलेली बाटली तशीच घरी आणते.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले की जन्मजात गाठ असावी. बाळ पोटात असताना गळ्यात एक बारीक नळी असते, ती मिटायची राहिली की तिथे पाणी साठून गाठ होते, ऑपरेशनने निघते. घाई काही नाही, पण आधी गळ्याची सोनोग्राफी करून घ्या, असं दोनदा म्हणाले. का ते मी विचारलं नाही, बाहेर पेशंटची रांग होती. पोरीच्या गळ्यावर सुरी चालायची या विचाराने मला जेवण जात नाही. काय करू ते लवकर कळव.

वडीलधाऱ्यांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझी,
सीमा


वलगाव,
६ मे २०२३

चि. सौ. सीमा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. वरचा भाग आईला वाचला, खालचा गिळला. ती म्हणे, पत्र जाड आणि मजकूर एवढुसा कसा. म्हटलं, तुझ्या लेकीचं अक्षर मोठं झालं.

आकांक्षाला घेऊन सरळ इकडे ये. अमरावतीत आपल्या भागातलेच एक सर्जन आहेत, त्यांच्या वडिलांचं टपाल मी इतकी वर्षं घरपोच देतो आहे. तू वहिनीला धाडलेला फोटो त्यांना मोबाइलवर दाखवला. ते म्हणाले की ही तर बघूनच ओळखू येते, अर्ध्या तासाचं काम आहे. सोनोग्राफीला नंबर लावून आठ दिवस घालवायची गरज नाही, सुटीत उरकून टाका. घरच्यासारखा माणूस असताना तू अनोळखी दवाखान्यात रांगा कशाला लावतेस? अमोलरावांनाही हेच सांग.

आईला मी एवढंच सांगेन की लहानसा फोड काढायचा आहे. अठरा वर्षांत माझ्या हातून कोणाचं साधं पाकीट इकडचं तिकडे गेलं नाही, मग भाचीला काय होऊ देईन? तू निर्धास्त ये आणि येताना चेहरा लांब करून येऊ नकोस, पोरगी तुझ्याकडे बघून घाबरते.

अमोलरावांना नमस्कार, पोरीला गोड पापा. भावावर भरवसा असू दे.
तुझा दादा,
गोवर्धन


अकोला,
४ जून २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टाके सुकले. गळ्यावर आडवी, नखाएवढी जाड रेघ राहिली आहे. तीही वर्षभरात पुसट होईल म्हणतात. आकांक्षा आरशापुढे उभी राहून घोट गिळते आणि काही हलत नाही बघून हसते. काल ग्लासभर पाणी माझ्यासमोर एका दमात प्यायली. दादा, तुझे उपकार कसे फेडू? इथेच थांबले असते तर मी अजून सोनोग्राफीच्या रांगेतच असते.

एक विचारायचं राहिलं. ऑपरेशन झाल्यावर सिस्टरने काढलेली गाठ एका बाटलीत घालून तुझ्या हाती दिली होती. वर पट्टीवर आकांक्षाचं नाव आणि लॅबचं नाव लिहिलं होतं. मी पोरीजवळ होते, तू डबा आणायला वलगावला जाता जाता लॅबला देतो म्हणाला होतास. आठ दिवसांत रिपोर्ट येईल असं सांगितलं होतं, आता पंधरा झाले. आला का?

वहिनीच्या हातचं भरीत तोंडात घोळतं आहे, तिला सांग. आठवण काढत जा.
सीमा


वलगाव,
१५ जून २०२३

चि. सौ. सीमास,
आशीर्वाद.

रिपोर्ट नॉर्मल आहे. काळजीचं काही नाही. कागद माझ्या पेटीत नीट ठेवला आहे, तुला कुठे लागतो. आई म्हणते, आता गाठ पुन्हा येत नाही, तिने तिच्या परीने बंदोबस्त केला आहे. तिचे बंदोबस्त तुला माहीत आहेत.

इकडे पेरणीची गडबड. मला टपाल वाटायला जावं लागतं आणि वावरातही उभं राहावं लागतं. म्हणून आज थोडक्यात. पोरीला शाळेत पाठव, अंगणात खेळू दे. पत्र लिहीत जा.
गोवर्धन


अकोला,
२१ मे २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीची तक्रार करायला बसले आहे. हसू नकोस, मला हसू येत नाही. या पोरीला काय झालं ते कळत नाही. सकाळी तीनदा हलवलं तर उठते. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपते, बाईंनी दोनदा बोलावून ऐकवलं. पाढे म्हणायला सांगितले तर दोन आणि तीनच्या मध्येच थांबून माझ्याकडे बघत बसते. पहिल्या पाचात असणारी पोर यंदा कशीबशी वर गेली. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा. खेळायला जा म्हटलं की भिंतीला टेकते.

आणि ढोंग बघ. काल इथे पारा पंचेचाळीसला आणि ही स्वेटर मागते. अकोल्याच्या मे महिन्यात स्वेटर! थंडी वाजते म्हणे. अभ्यास टाळायचं हे नवीनच सोंग. मी इतकी तापले की लाकडी पट्टी तुटली. दुसरी आणली. मारल्यावर ती रडतही नाही नीट, हळूहळू रडते, त्याचाही मला राग येतो.

दाराच्या चौकटीवर वाढदिवसाला उंचीची खूण करतो ना आम्ही, यंदाची खूण गेल्या वर्षीच्या खुणेवरच बसली. हे म्हणतात, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, आळसाला औषध असतं का? तुला काय वाटतं?

सर्वांना नमस्कार. राग मानू नकोस, मन मोकळं करायला तूच आहेस.
सीमा


वलगाव,
१ जून २०२४

चि. सौ. सीमास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी सुखात लोळते म्हणून सुस्तावली, सकाळी झाडझूड करायला लावा. मलाही तसंच वाटतं. तू लहानपणी काय कमी झोपाळू होतीस? उंचीचं म्हणशील तर आपल्या घरात कोण ताडमाड आहे! थोडा धाक हवाच, पण पट्ट्या मोडू नकोस, हातानेही भागतं.

दवाखान्यात नेऊन पुन्हा जुनं उकरू नका. गाठीचं ते कधीच निपटलं आहे. बाकी क्षेम. आमच्यावर मर्जी ठेव.
गोवर्धन


अकोला,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर मी ओरडेन आणि तू गप्प राहशील, त्यातून काही निघणार नाही. कागदावर लिही.

गेल्या सोमवारी आकांक्षा शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली बसली ती उठेना. यांनी माझं न ऐकता तिला मुलांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात धरला, गळ्यावरची रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो त्या रेघेचा. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. दादा, तिच्या गळ्यात थायरॉईडची ग्रंथीच नाही. जागा रिकामी आहे. अंगाची वाढ, ऊब, जाग, सगळं त्या ग्रंथीवर चालतं आणि पोरीचं शरीर दीड वर्षाहून जास्त काळ त्याशिवाय चालतं आहे. नाडी म्हाताऱ्या माणसासारखी मंद.

डॉक्टर म्हणाले, काही मुलांत ही ग्रंथी आपल्या जागी खाली उतरतच नाही, मध्येच गळ्यात अडकते आणि जन्मजात गाठीसारखी दिसते. म्हणून ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी करायची असते, खाली दुसरी ग्रंथी आहे की नाही ते बघायला. मग त्यांनी विचारलं की काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे. मी ठासून सांगितलं की नॉर्मल आहे, माझ्या भावाकडे आहे. ते म्हणाले, बघायला मिळाला तर बरं. त्यात थायरॉईड लिहिलेलं असतं तर त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली असती.

तो कागद रजिस्टर पोस्टाने पाठव. उद्याच्या उद्या.
सीमा


वलगाव,
२६ जानेवारी २०२५

चि. सौ. सीमास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

कागद नाही. कधी नव्हताच. बाटली मी लॅबला दिली नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघालो तेव्हा लॅबमध्ये गर्दी होती. म्हटलं, आधी डबा आणू, परतताना देऊ. बाटली टपालाच्या थैलीत ठेवली होती. घरी प्राजक्ता डबा भरत होती, आईने थैलीत हात घातला आणि विचारलं, हे काय. मी खरं सांगितलं. आईने बाटली पदराखाली घेतली. म्हणाली, हे आपल्या पोरीच्या आंगातलं हाये, लोकाईच्या हाती चिराले कावून द्याचं? तिची नाळ आपल्या निंबाखाली हाये, हेबी तिथंच जाईन, मंग पोरीले कायचंच भेव नाही. तुझं बाळंतपण इथेच झालं, नाळ बाबांनी पुरली होती, ती जागा तिला अजून वीतभरही चुकत नाही. मी म्हटलं, तपासायचं असतं. ती म्हणाली, फोड होता न फक्त, मंग काय तपासता? तिला फोड म्हणून सांगणारा मीच. आणि आपण दोघांनी मिळून तिच्यापासून लपवलं होतं, हे तुलाही आठवत असेल.

मी कुदळ घेतली आणि बांधावरच्या निंबाखाली हातभर खड्डा केला. ती बाजूला बसून होती. मग माती लोटून वर दगड ठेवला. हात धुतले, डबा घेतला आणि तुमच्याकडे आलो. तू विचारलंस, दिलीस का, मी मान डोलावली. सर्जननी कधी विचारलंच नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पोरगी पाणी पिऊन हसत होती, मला वाटलं सगळं चांगलंच झालं आहे, आता सांगून कशाला दुखवायचं. नॉर्मल लिहिलं. तू स्वेटरचं लिहिलंस तेव्हा ती बाटली आठवली होती. खोटं का बोलू, आठवली होती. तरी वर तुला धाक दाखवायला सांगितलं.

वस्तूवर नाव होतं, पत्ता होता. अशी वस्तू मी आजवर कोणाची ठेवून घेतली नाही. घरच्याच पोरीची ठेवली.

मी काय करू ते सांग.
गोवर्धन


अकोला,
३ फेब्रुवारी २०२५

दादा,

बाटली उकर.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झाकण घट्ट असेल आणि आतलं औषधाचं पाणी उडालं नसेल तर अजूनही तपासता येईल. त्याने पोरीच्या गोळीत फरक पडत नाही, गोळी सुरू झाली आहे, जन्मभर चालायची आहे. पण मला ते लेखी हवं आहे. त्यांनी सांगितलेल्या लॅबचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

हे अमरावतीला जाऊन तुझ्या त्या घरच्यासारख्या सर्जनना भेटून आले. ते शांतपणे म्हणाले की तपासणीसाठी नमुना दिला होता, रिपोर्ट आणून दाखवायचं काम नातेवाइकांचं. सोनोग्राफीचं विचारलं तर म्हणाले, तुमच्या साळ्यालाच घाई होती. म्हणजे ते सुटले. तू पुरलेल्या बाटलीने त्यांना सोडवलं. हे खाली मान घालून परत आले.

आपण दोघांनी मिळून लपवलं असं लिहिलंस. खरं आहे. म्हणून जास्त राग आला.
सीमा


वलगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सीमास,

उकरली. आईला सांगितलं तेव्हा तिने कुदळीचा दांडा धरून ठेवला. मग पोरीचं काय झालं ते सगळं तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, शेजारी गोळा झाले. तिने दांडा सोडला आणि स्वतःच जागा दाखवली. बाटली फुटली नव्हती. निंबाचं एक मूळ तिला वळसा घालून गेलं होतं, ते तोडावं लागलं. पट्टीवरचं नाव पुसलं होतं, पण नावातला शेवटचा क्षा दिसत होता.

पोस्टाने पाठवली नाही. रजा टाकून एसटीने स्वतः अकोल्याला आणली, मांडीवर धरून. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या लॅबमध्ये दिली, पावती सोबत जोडली आहे. नंतर तुझ्या गल्लीपर्यंत आलो होतो. आकांक्षा दारात बसली होती, शाल घेऊन. मी हाक मारली नाही. पुढची गाडी धरून परत आलो.

आई जेवते. रोज विचारते, सीमाचं पत्र आलं काय. मी नाही म्हणतो.
गोवर्धन


अकोला,
२७ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न.

रिपोर्ट मागेच आला होता. तुला कळवायला उशीर केला, जाणूनबुजून. थायरॉईडच होता, पूर्ण, निरोगी. त्यात कसलाही रोग नव्हता. निरोगी वस्तू आपण पोरीच्या गळ्यातून काढली, कारण शाळेतल्या पोरी हसत होत्या.

आता पोरीचं सांगते. रोज पहाटे उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास दूध नाही. मी गजर लावते, पण तीच माझ्याआधी उठलेली असते. तोंडाची सूज उतरली. आवाज पूर्वीचा झाला. परवा सतराचा पाढा धडाधड म्हटला आणि माझ्याकडे न बघता बाहेर खेळायला पळाली. चौकटीवरची खूण दोन बोटं वर गेली आहे. डॉक्टर म्हणाले की डोकं शाबूत आहे, उंची मात्र गेलेली सगळी मिळेलच असं नाही. एवढं ऐकून हे देवळात गेले. मी गेले नाही.

तुझ्यावर माझा राग आहे आणि तो मी धरून ठेवणार आहे. का ते ऐक. तो सोडला तर सगळा माझ्यावर येतो. तू एकदा बाटली पुरलीस, एकदा खोटं लिहिलंस. मी दीड वर्ष रोज तिला आळशी म्हटलं. थंडी वाजते म्हणाली तेव्हा मारलं. पहिल्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलेली सोनोग्राफी मीच सोडून दिली. तुझा गुन्हा कागदावर आला, लॅबचा शिक्का बसला. माझा कुठल्या रिपोर्टात येणार? आकांक्षाला मी मांडीवर घेऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, हो. एवढंच म्हणाली आणि उतरून गेली.

हे पत्र आईला वाचून दाखव. मोठ्याने वाच, आणि या वेळी एकही ओळ गिळू नकोस. पहिल्या पत्रात मीच तुला गिळायला सांगितलं होतं. तिला कोणी नीट सांगितलं असतं, तर तिने ती बाटली स्वतः लॅबच्या दारात नेऊन ठेवली असती. ते ओझं तिच्यावर नको, ते आपल्या दोघांचं.

पोरीला सुटीत मामाकडे यायचं आहे. तिचा तुझ्यावर राग नाही, तिला अजून तुझ्या सायकलवर बसायचं असतं. दहा तारखेला हे तिला आणून सोडतील. मी येणार नाही, या वर्षी तरी नाही. गोळ्यांची डबी तिच्या दप्तरात असेल. पहाटे तू स्वतः उठून तिच्या हातावर गोळी ठेवायची. वहिनीवर टाकायचं नाही, आईवर टाकायचं नाही.

वेणी मात्र वहिनीला घालू दे. डोक्याशी आलेल्या हाताची तिकडे तरी तिला सवय होईल. इथे मी कंगवा घेऊन हात वर केला की ती अजून डोळे घट्ट मिटून घेते.

सीमा